पांढऱ्या डब्यातला फुगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा लागला की आपल्या दैनिकात 'रबरी बोट' हा शब्द जवळजवळ रोज येतो. कृष्णा-पंचगंगेच्या पुरातून माणसे बाहेर काढणारी ती रबरी बोट. समुद्रात जहाज बुडताना खलाशी जिच्यात उतरतात तीही रबरी बोट. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री कफ परेडला बधवार पार्कपाशी किनाऱ्याला लागली तीही रबरी बोटच. खरे तर या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत. पुरात चालते ती इंजिन लावायची फुगणारी बोट. नौदलाची माणसे तिला 'जेमिनी' म्हणतात. जहाजावरून फेकतात तो तराफा, म्हणजे लाइफ राफ्ट. त्याला इंजिन नसते, सुकाणू नसते. माणसांना पाण्याबाहेर, छपराखाली, कोरडे ठेवून तरंगत राहायचे एवढेच त्याचे काम. दोन्ही वस्तू जन्मल्या मात्र एकाच प्रकारच्या कारखान्यात, आणि तो कारखाना होड्यांचा नव्हता, आकाशात उडणाऱ्या फुग्यांचा होता. हे कळले की तराफा कशाने बिघडतो आणि त्याची दरवर्षी तपासणी का करावी लागते, हेही समजते. पत्र लांबले आहे. काटछाट करावीच लागली तर इतिहासात करावी, तपासणीच्या भागात नको, ही विनंती.

रबर लावलेल्या कापडात हवा कोंडून तरंगायचे, ही कल्पना दोनशे वर्षांच्या आसपासची आहे. चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३मध्ये दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर देऊन पाणी न शिरणारे कापड काढले. ब्रिटिश नौदलातल्या पीटर हॅल्केट नावाच्या लेफ्टनंटने १८४०च्या दशकात त्या कापडाचा झगा बनवला. तो फुगवला की एका माणसाची होडी तयार होई. उत्तर ध्रुवाकडचा प्रवासी जॉन रे याने हॅल्केटची होडी प्रत्यक्ष वापरली, तरी नौदलाने ती स्वीकारली नाही. कच्चे रबर उन्हात चिकट होते आणि थंडीत तडकते. गंधकाबरोबर तापवून ते टिकाऊ करण्याची गुडइयरची युक्ती १८३९ची, तिने कापडाचा प्रश्न बराचसा सोडवला. सांध्यांचा प्रश्न उरला. कापड कितीही चांगले असले तरी हवा जाते ती सांध्यातून.

सांधे जोडणे हे ज्यांच्या जगण्या-मरण्याचे काम होते, ते लोक फुगेवाले. फुग्यात हायड्रोजन असे. तो बारीकशा फटीतूनही निसटतो, आणि ठिणगी मिळाली की पेट घेतो. त्यामुळे कापडाच्या पट्ट्या कापणे, एकावर एक चढवणे, खरडणे, गोंद लावणे, वरून पट्टी मारणे, या प्रत्येक कृतीला तिथे शिस्त होती. फ्रान्समध्ये मोरिस माले याने १८९६मध्ये असे फुगे आणि पुढे हवाई जहाजे, म्हणजे इंजिनाने चालणारे लांबट फुगे, बनवणारी कंपनी काढली. तीच १९११च्या सुमारास 'झोडिॲक' या नावाने ओळखली जाऊ लागली. पहिल्या महायुद्धात तिने फ्रेंच सैन्याला फुगे आणि हवाई जहाजे पुरवली. इंग्लंडमध्ये सरे परगण्यात रेजिनाल्ड फॉस्टर डॅग्नल याने १९२०मध्ये आपल्या नावाच्या आद्याक्षरांवरून 'आरएफडी' कंपनी सुरू केली. तोही हवाई जहाजांच्याच कामातला माणूस. पाण्यावर पडलेले विमान तरंगत ठेवणाऱ्या पिशव्या हे त्या कंपनीचे सुरुवातीचे एक काम.

हवाई जहाजांचे दिवस भरत आले तेव्हा अशा कारखान्यांकडे रबरी कापड, कारागीर आणि गोंदाचे ज्ञान होते, पण माल घेणारा उरला नव्हता. झोडिॲकमधला अभियंता पियेर देब्रुतेल याने १९३४मध्ये फुगणाऱ्या होडीचे पहिले नमुने तयार केले. फ्रेंच नौदलाच्या विमानदळाला पाण्यावर उतरणाऱ्या विमानांपर्यंत बाँब आणि टॉर्पेडो पोचवायला हलके, उथळ पाण्यात चालणारे वाहन हवे होते. त्यातून जो आकार पक्का झाला तो आजही तसाच आहे : दोन्ही बाजूंना जाड नळ्या, त्या पुढे नाळेपाशी एकत्र आलेल्या, आणि मागे दोन नळ्यांच्या मध्ये एक लाकडी फळी. फळी एवढ्यासाठी की तिच्यावर इंजिन अडकवता येते. दिसायला ही साधी गोष्ट आहे, पण फुगणारी वस्तू 'बोट' झाली ती या फळीमुळे.

या आकाराचा हिशेब करून पाहण्याजोगा आहे. ४५ सेंटीमीटर व्यासाच्या नळीची एक मीटर लांबी सुमारे १५९ लिटर पाणी बाजूला सारते, म्हणजे तेवढेच किलो वजन पेलते. दोन्ही बाजूंना साडेतीन-साडेतीन मीटर नळी धरली तर अकराशे किलोच्या वर ताकद होते, आणि रिकामी बोट मात्र चार माणसे सहज उचलतात. नळ्या आतून पडद्यांनी विभागलेल्या असतात, त्यामुळे एक कप्पा फाटला तरी बोट बुडत नाही. पुराच्या पाण्यात तारेचे कुंपण, पत्रे आणि बाभळीचे काटे बुडालेले असतात, तिथे हीच बोट का नेतात त्याचे कारण हे.

दुबळी जागाही तीच फळी. इंजिनाचा सगळा जोर फळी आणि नळी यांच्यामधल्या गोंदावर येतो. नळ्या अर्धवट फुगवून इंजिन जोरात चालवले की फळी मागे-पुढे डोलते आणि गोंद कडेपासून सुटू लागतो. इंजिन लावलेलीच बोट ट्रकवर चढवून खड्ड्यांच्या रस्त्याने नेली तर तेच होते. पुढच्या वेळी पाण्यात उतरल्यावर फळीच्या कोपऱ्यातून पाणी येते आणि लोक तळाला भोक शोधत बसतात.

दुसऱ्या महायुद्धाने मात्र तराफ्याचा प्रश्न पुढे आणला. त्या काळी युद्धनौकांवर 'कार्ली फ्लोट' असत : तांब्याच्या नळीचे कडे, त्यावर बूच आणि कॅनव्हास, मध्ये जाळी. तो बुडत नसे, पण त्यात बसलेला माणूस कमरेपर्यंत पाण्यातच राही. उत्तर अटलांटिकच्या पाण्यात जहाजातून सुखरूप उतरलेली माणसे या कड्यांना धरून गारठून मेली. १९४६मध्ये ब्रिटिश नौदलाच्या टॅल्बट समितीने जीवरक्षक साधनांचा आढावा घेतला, तेव्हा जहाज सोडल्यानंतर झालेले मृत्यू हाच मुख्य विषय निघाला. इकडे वैमानिकांसाठी आरएफडी आणि इतर कारखान्यांनी बनवलेल्या छोट्या फुगणाऱ्या डिंग्यांनी, म्हणजे होडक्यांनी, युद्धात काम केले होते. त्याच डिंगीला दुहेरी तळ आणि छप्पर दिले की जहाजी तराफा होतो. छप्पर वारा आणि ऊन अडवते. तळाच्या दोन थरांमध्ये हवा भरली की खालचे थंड पाणी माणसापासून दूर राहते. १९५०च्या दशकात नौदलाने हा तराफा घेतला आणि १९६०च्या सोलास करारात, म्हणजे समुद्रातील जीवसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारात, फुगणाऱ्या तराफ्याला व्यापारी जहाजांवर अधिकृत जागा मिळाली.

झोडिॲकचे नाव घराघरात गेले ते आलँ बाँबार या फ्रेंच डॉक्टरमुळे. १९५१मध्ये बुलोनजवळ एक मासेमारी ट्रॉलर फुटून चाळीसहून अधिक माणसे गेली. बाँबार तेव्हा तिथल्या रुग्णालयात शिकाऊ डॉक्टर होता. जहाज फुटल्यानंतर लोक नुसत्या तहान-भुकेने नव्हे तर हताश होऊन मरतात, असे त्याचे मत झाले. ते सिद्ध करायला तो १९ ऑक्टोबर १९५२ रोजी कॅनरी बेटांतल्या लास पाल्मासहून 'एरेतिक' नावाच्या ४.६५ मीटर लांब झोडिॲक बोटीतून एकटा निघाला आणि २३ डिसेंबरला बार्बेडोसला लागला. ६५ दिवसांत त्याचे वजन २५ किलो घटले. पुढे समुद्रसंशोधक कूस्तोच्या 'कॅलिप्सो' जहाजावर झोडिॲक दिसू लागली आणि हळूहळू बोटीच्या जातीलाच ते नाव पडले, जसे आपल्याकडे वनस्पती तुपाला डालडा.

बाँबारने थोडे-थोडे समुद्राचे पाणी पिऊन तग धरल्याचे सांगितले. त्यावर नंतर बराच वाद झाला आणि सागरी वैद्यकाने ते मानले नाही. आज तराफ्यातल्या सूचनापत्रात समुद्राचे पाणी पिऊ नये असे स्पष्ट लिहिलेले असते. हे इथे मुद्दाम लिहितो, कारण बाँबारची गोष्ट सांगताना आपल्याकडे तो एक भाग हटकून सांगितला जातो आणि तोच धोकादायक आहे. खारे पाणी शरीराबाहेर टाकायला मूत्रपिंडाला प्यालेल्या पाण्याहून अधिक पाणी खर्चावे लागते.

बाँबारच्या कामाचा दुसरा भाग फारसा सांगितला जात नाही. ३ ऑक्टोबर १९५८ रोजी ब्रिटनी किनाऱ्यावर एतेल नदीच्या मुखाशी, जिथे वाळूच्या दांड्यावर लाटा फुटतात, तो आपल्या तराफ्याची चाचणी घेत होता. लाटेने तराफा उलटला. मदतीला आलेल्या जीवरक्षक बोटीने माणसे घेतली, पण तिच्या पंख्यात दोर अडकला, इंजिन बंद पडले आणि पुढच्या लाटेने तीही उलटली. नऊ माणसे मेली. आपल्याकडे खाडीच्या तोंडाशी दांडा ओलांडताना होणारे अपघात ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. रिकामा किंवा अर्धा भरलेला तराफा पाण्यावर पानासारखा हलका असतो, वारा त्याच्या तळाखाली शिरला की तो उलटतोच.

यावर उपाय आहे तो तळाला खाली लोंबणाऱ्या पाण्याच्या पिशव्यांचा. आजच्या नियमाप्रमाणे दहा माणसांपर्यंतच्या तराफ्याला मिळून किमान २२० लिटरच्या, त्याहून मोठ्याला माणशी २० लिटरच्या पिशव्या लागतात. तराफा उघडल्यापासून २५ सेकंदांत त्या ६० टक्के भरल्या पाहिजेत. त्यांचा रंग उठून दिसणारा असतो. तराफा उलटा पडला असेल तर तो रंग वर दिसतो आणि लांबूनही कळते. पिशव्यांच्या जोडीला समुद्री नांगर, म्हणजे पाण्यात ओढत राहणारी कापडी टोपली. ती वाहणे कमी करते आणि तराफ्याचे तोंड धरून ठेवते. १९७९च्या फास्टनेट या शिडाच्या नौकांच्या शर्यतीत वादळात २४ नौका सोडून दिल्या गेल्या, त्यातल्या १९ नंतर तरंगताना सापडल्या, आणि सोडून गेलेल्यांतली काही माणसे तराफे उलटल्याने किंवा फाटल्याने दगावली. तेव्हापासून शिकवले जाते की तराफ्यात पाऊल टाकायचे ते जहाज खरोखर पायाखालून जात असेल तरच. तरंगणारे जहाज कोणत्याही तराफ्यापेक्षा चांगले.

कंपन्यांचा पुढचा प्रवास थोडक्यात. वेल्समधल्या एका शाळेत, अटलांटिक कॉलेजात, रिअर ॲडमिरल डेस्मंड होअर आणि विद्यार्थ्यांनी १९६०च्या दशकात फुगणाऱ्या नळ्यांखाली कडक लाकडी तळ बसवला आणि आजची कडक तळाची 'रिब' बोट झाली. ब्रिटनच्या जीवरक्षक संस्थेने १९७२पासून 'अटलांटिक २१' या नावाने ती वापरात आणली. झोडिॲकने वेल्सचीच एव्हन कंपनी १९९८मध्ये घेतली. विमानाच्या दारातून फुगत खाली येणाऱ्या घसरगुंड्याही झोडिॲकच्या समूहाने बनवल्या, कारण तीही शेवटी कापड, गोंद आणि गॅसची बाटलीच. बोटींचा धंदा २००७मध्ये वेगळा झाला, विमानांचा भाग २०१८मध्ये साफ्रान या फ्रेंच कंपनीने घेतला. जहाजी तराफ्यांचा झोडिॲक शिक्का आज सर्व्हायटेक समूहाकडे आहे, आणि आरएफडीही त्याच समूहात. दोन फुगेवाल्यांचा वारसा असा एका छपराखाली आला.

आता त्या पांढऱ्या डब्याकडे वळू. जहाजाच्या डेकवर फायबरचे दोन वाट्या जोडल्यासारखे पिंप असते, त्यात हा तराफा घडी घालून ठेवलेला असतो. नियम सांगतात की त्याने पाण्यावर ३० दिवस कोणत्याही हवामानात टिकले पाहिजे, १८ मीटर उंचीवरून टाकल्यावर चालले पाहिजे, वरून साडेचार मीटरवरून माणसाने उडी मारली तरी फाटता कामा नये. मुख्य नळ्या दोन वेगळ्या कप्प्यांत असतात आणि एक कप्पा गेला तरी दुसऱ्याने सगळी माणसे पेलली पाहिजेत. माणशी किमान ९६ लिटर नळी लागते, म्हणजे २५ जणांच्या तराफ्याला २.४ घनमीटर. एवढी जागा हातपंपाने भरणे शक्य नाही, म्हणून आत कार्बन डायऑक्साइडची बाटली असते. एक किलो द्रव गॅसचा साधारण ५४० लिटर वायू होतो. १८ ते २० अंशाला तराफा एका मिनिटात उभा राहिला पाहिजे, उणे ३० अंशाला तीन मिनिटांत. फक्त कार्बन डायऑक्साइड भरला तर बाहेर पडताना तो गोठून व्हॉल्व्हचे तोंड बंद करू शकतो, म्हणून त्यात थोडा नायट्रोजन मिसळतात.

वापरताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. पहिली चूक दोरीची. तराफ्याला जोडलेल्या दोरीला पेंटर म्हणतात. तिची लांबी किमान १५ मीटर, किंवा ठेवलेल्या जागेपासून पाण्यापर्यंतचे अंतर अधिक १० मीटर, यांपैकी जी जास्त ती. आधी या दोरीचे टोक जहाजाला पक्के आहे हे पाहायचे, मग पाण्यात माणूस किंवा लाकूड नाही हे पाहून डबा फेकायचा आणि मग दोरी ओढायची. ओढताना पाच-सहा मीटर दोरी सहज येते आणि लोक समजतात की तुटली. सगळी दोरी बाहेर येईपर्यंत ओढत राहायचे. ताण लागला की एक जोरदार हिसका द्यायचा, त्याने बाटलीचा खटका उघडतो. डेकवरच तराफा फुगवला तर तो उचलून पाण्यात टाकता येत नाही.

दुसरी चूक आवाजाची. फुगल्यावर तराफ्यातून फुस्स असा मोठा आवाज काही वेळ येत राहतो. जादा दाब बाहेर टाकणाऱ्या व्हॉल्व्हचा तो आवाज. तराफा फुटलेला नसतो. तो ऐकून माणसे आत जायला कचरतात. उलट आत गेल्यावर तो गॅस छपराखाली साचतो, म्हणून सुरुवातीला दार उघडे ठेवून हवा खेळवायची. रात्री गारव्याने नळ्या मऊ पडतात. त्यासाठी आत भाता किंवा हातपंप असतो, सकाळ-संध्याकाळ थोडी हवा भरायची.

तराफा उलटा पडला तर तळाला आडवा पट्टा असतो. बाटली ज्या बाजूला आहे त्या कडेवर उभे राहायचे, पट्टा धरून पूर्ण अंग मागे टाकायचे. आधी तराफा फिरवून बाटलीची बाजू वारा जिकडून येतो त्याच्या विरुद्ध टोकाला आणावी, म्हणजे वारा समोरची कड उचलायला मदत करतो. एका माणसाला हे जमते. तो सरळ होताना अंगावर येतो. घाबरून खाली बुडी मारायची नाही, तोंड वर ठेवून उताणे हात मारत बाहेर यायचे.

पूर्ण सामान असलेल्या, म्हणजे 'सोलास ए' तराफ्यात माणशी दीड लिटर पाणी आणि किमान १०,००० किलोज्यूल अन्न असते. पॅराशूटचे ४ फ्लेअर, म्हणजे मदतीसाठी पेटवायचे इशारादिवे, हाताचे ६, धुराचे २, आरसा, शिटी, टॉर्च, दोन समुद्री नांगर, ३० मीटर दोरीचे फेकायचे कडे, ४८ तासांच्या ओकारी थांबवणाऱ्या गोळ्या. 'बी' तराफ्यात अन्न-पाणी नसते आणि फ्लेअर निम्मे. डब्यावर हे लिहिलेले असते, ते वाचावे. पहिले २४ तास, जखमी सोडून कोणाला पाणी द्यायचे नाही. गोळ्या मात्र आत शिरताच सर्वांनी घ्यायच्या, बरे वाटत असले तरी. एकाने ओकारी केली की दहा मिनिटांत सगळे करतात, आणि त्यात जे पाणी शरीरातून जाते ते दीड लिटरमधून भरून निघत नाही.

माणूस पोचायच्या आधीच जहाज बुडाले तर? त्यासाठी डब्याच्या पट्ट्याला हायड्रोस्टॅटिक रिलीज नावाचे छोटे यंत्र असते. पाण्याखाली चार मीटर जाण्याच्या आतच पाण्याच्या दाबाने त्यातले पाते सुटते, पट्टा कापला जातो आणि डबा वर येतो. पेंटरची दोरी ताणून तराफा फुगतो, आणि मग दोरीतला मुद्दाम कच्चा ठेवलेला दुवा तुटून तराफा जहाजापासून मोकळा होतो. हा दुवा साधारण २.२ किलोन्यूटनला, म्हणजे सव्वादोनशे किलोच्या ओढीला तुटतो. सगळ्यात घातक चूक इथे होते. 'पक्के बांधू' म्हणून कोणीतरी पेंटर थेट डेकच्या कड्याला बांधतो आणि कच्चा दुवा बाजूला राहतो. मग तराफा फुगतो आणि जहाज त्याला आपल्याबरोबर तळाला नेते. दुसरी तितकीच वाईट सवय म्हणजे वाऱ्यात डबा हलतो म्हणून वरून आणखी एक दोर आवळणे. तिसरी, जहाज रंगवताना या यंत्रावरही रंग मारणे. वापरून टाकायच्या प्रकारच्या यंत्राचे आयुष्य बसवल्यापासून दोन वर्षे असते. बसवतानाच त्याच्यावर महिना आणि वर्ष खुणवायचे असते, आणि ते कोणीही उभ्या-उभ्या वाचू शकते.

तराफा स्वतः दर १२ महिन्यांनी मान्यताप्राप्त केंद्रात उघडावा लागतो. अगदीच अडचण असेल तर १७ महिन्यांपर्यंत मुदत मिळते. तिथे काय होते ते लोकांना माहीत नसते, म्हणून खर्च जास्त वाटतो. तराफा कोरड्या, ठरावीक तापमानाच्या खोलीत उघडून कोरड्या हवेने कामाच्या दाबापर्यंत भरतात आणि किमान एक तास ठेवतात. दाब पाच टक्क्यांहून अधिक उतरला तर गळती शोधायची. बाटलीचे वजन करतात. कमी भरले तर गॅस गळला आहे. दर पाच वर्षांनी तराफा त्याच्याच बाटलीच्या गॅसने फुगवून पाहतात. दहा वर्षे झाली की दरवर्षी जादा दाबाची चाचणी : दाब कामाच्या दुप्पट किंवा कापडाच्या ताकदीच्या २० टक्के ताण येईल इतका, यांपैकी जो कमी तो, पाच मिनिटे ठेवून सांधे सरकतात का पाहायचे. तळाच्या सांध्यांसाठी तराफा उचलून धरतात आणि साधारण ७५ किलोचा माणूस आत कडेकडेने चालत किंवा रांगत फिरतो. जुन्या फुगेवाल्यांची हीच काळजी होती, तीच आज कागदावर आली आहे.

घडी घालणे हे सगळ्यात कठीण काम. प्रत्येक कंपनीची घडी वेगळी असते, म्हणून एका कंपनीच्या तराफ्याचा दाखला असलेल्या कारागिराला दुसरीचा आपोआप बंद करता येत नाही. डब्याला बांधायच्या पट्ट्या ठरावीक ताकदीला तुटणाऱ्या असतात. त्याऐवजी बाजारातली मजबूत पट्टी लावली तर गॅस आत येतो आणि डबा उघडतच नाही. डब्याच्या तळाची भोके पाणी जाण्यासाठी असतात. डबा उलटा ठेवला तर तीच भोके वर येऊन कोकणातला चार महिन्यांचा पाऊस आत जातो, फ्लेअर ओले होतात आणि घडीच्या रेषांवर बुरशी धरते.

१७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळात मुंबई हायजवळ 'पी ३०५' बार्ज बुडाला तेव्हा त्यावर २६१ माणसे होती आणि त्यांतली सत्तरच्या वर गेली. बरेच तराफे पंक्चर होते, असे वाचलेल्यांनी तेव्हा वृत्तपत्रांना सांगितले. सोलास करार स्वतःच्या यंत्रशक्तीने न चालणाऱ्या नौकांना आणि मासेमारी नौकांना सर्वसाधारणपणे लागू होत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. म्हणजे ज्या प्रकारच्या नौकांवर आपली माणसे संख्येने सर्वाधिक असतात, त्यांच्या बाबतीत सगळी भिस्त देशाच्या नियमावर आणि मालकाच्या इच्छेवर असते. यापुढे असा अपघात झाला तर आपल्या वार्ताहरांनी तीन गोष्टी विचाराव्यात, ही आमची मागणी आहे : तराफ्याच्या शेवटच्या तपासणीची तारीख काय, हायड्रोस्टॅटिकवर कोणते वर्ष होते, आणि पेंटर कशाला बांधला होता. 'तराफे होते' एवढ्या उत्तराला अर्थ नाही.

ट्रॉलरवर तराफा बसवणे अवघड नाही. लहान नौकांसाठी 'आयएसओ ९६५०' प्रमाणाचे चार-सहा माणसांचे हलके तराफे मिळतात. तांडेलाच्या केबिनच्या छपरावर, जाळी आणि दोरखंडांपासून दूर, नौका कलंडली तरी वर कशातही न अडकेल अशी जागा पाहिजे. माशांच्या क्रेटखाली ठेवलेला तराफा नसल्यात जमा. मत्स्य विभागाने अनुदान द्यायचे ठरवले तर ते खरेदीवर थांबवू नये, दरवर्षीच्या तपासणीलाही द्यावे, नाहीतर तिसऱ्या वर्षी डबा म्हणजे नुसते ओझे होईल.

पुराच्या बोटींचे थोडे वेगळे. त्या गोदामात वर्षभर पडून असतात आणि जुलैमध्ये घाईने बाहेर येतात. त्या मे महिन्यातच, कोरड्या हवेत फुगवून एक दिवस-रात्र ठेवल्या पाहिजेत. सांध्यावर आणि व्हॉल्व्हवर साबणाचे पाणी लावले की बुडबुडे दिसतात. बहुतेक वेळा गळती व्हॉल्व्हच्या वाळू अडकलेल्या बैठकीत निघते, कापडात नाही. ठिगळ लावायच्या आधी कापड कोणते ते ओळखावे. पीव्हीसीला पॉलियुरेथेनचे सोल्यूशन लागते, हायपॅलॉन या कृत्रिम रबराच्या कापडाला निओप्रीनचे. एकाचे दुसऱ्याला लावले तर पहिल्या आठवड्यात पक्के वाटते आणि उन्हात सुटते. सायकलच्या पंक्चरचे सोल्यूशन दोन्हींना चालत नाही. हायपॅलॉन सँडपेपरने खरडायचे, टोल्यूनने पुसायचे, हार्डनर मिसळलेल्या सोल्यूशनचे पातळ थर द्यायचे. पहिला पूर्ण सुकू द्यायचा, शेवटचा बोटाला जेमतेम चिकटेल इतका झाला की ठिगळ बसवून मधून कडेकडे रोलर दाबायचा, आणि हवा भरायच्या आधी किमान एक दिवस सोडायचे. ओल्या हवेत सोल्यूशनवर न दिसणारे पाणी धरते, म्हणून भर पावसात लावलेले ठिगळ टिकत नाही.

हवेचा दाब उन्हाने बदलतो, हेही लक्षात ठेवावे. अशा बोटींचा दाब साधारण २४० मिलिबार असतो. सकाळी २५ अंशाला तेवढी भरलेली नळी उन्हात ४५ अंशाला पोचली की दाब ३२० मिलिबारच्या वर जातो, म्हणजे अंशामागे साधारण चार मिलिबार. सांध्यावर तेवढा ताण विनाकारण येतो. उलट उन्हात कडक भरलेली बोट पुराच्या गार पाण्यात उतरली की मऊ पडते, आणि मऊ बोटीत माणसे भरली की मधूनच वाकते आणि फळी डोलू लागते. म्हणून बोट पाण्यात ठेवून दहा मिनिटांनी दाब पुन्हा पाहावा, कमी असेल तर तिथेच भरावा. पायाचा पंप आणि दाब मोजायचा गेज बोटीच्या पिशवीतच ठेवावा. वेगळ्या कपाटात ठेवलेला पंप निघायच्या वेळी सापडत नाही.

आपले,
तराफे आणि फुगणाऱ्या बोटींच्या तपासणी-दुरुस्तीच्या कामातले काही वाचक,
माझगाव, मुंबई